माथ्यावरचं पाणी

नळीच्या तोंडाशी आलेला थेंब लगेच पडत नाही. आधी तो तिथे टेकतो, खालून भरत जातो, मग त्याला मान फुटते आणि ती मान बारीक होत होत तुटते. खाली पडतो तो गोल थेंब. वर उरलेला इवलासा भाग आखडून मागे जातो आणि त्यातूनच पुढचा थेंब धरू लागतो. माथ्यावरचं पाणी गार असेल तर दोन थेंबांमधलं अंतर सारखं राहतं. पाणी कोमट झालं की थेंब घाई करतात.

माझ्या सासूबाई, लल्ला बेया, हे डोळ्यांनी बघत नाहीत. त्यांचा एक डोळा मोतीबिंदूने पांढरट झाला आहे आणि दुसऱ्याचा त्या भरवसा धरत नाहीत. त्या ऐकतात. अंगणाच्या कोपऱ्यात बुटक्या स्टुलावर बसून, गवताने वेढलेल्या मोठ्या बाटलीत पडणाऱ्या थेंबांचा ठेका ऐकतात आणि तो बदलला की म्हणतात, "पाणी." मग स्वतःच उठून माथ्यावरचं पाणी बदलतात.

त्या ज्याच्या शेजारी बसतात ते कत्तार, आमच्या घरातलं अर्क काढायचं भांडं. खाली तांब्याचा हंडा, त्यावर भाजक्या मातीचा माथा, माथ्याच्या खळग्यात गार पाणी, आणि बाजूने उतरणारी नळी. ट्यूनिशियातल्या आमच्या नाब्यूलमध्ये वसंतात कडू नारिंगाला फुलं येतात तेव्हा गल्लीगल्लीत कुणाचं ना कुणाचं कत्तार पेटतं. झाडाखाली चादर अंथरून फुलं उतरवायची, सावलीत पसरायची, निवडायची, हंड्यात भरायची, सांधा कणकेच्या पट्टीने बंद करायचा, आणि मग बसून राहायचं. सगळं कसब त्या बसून राहण्यात आहे. आच जरा वाढली की फुलं करपतात. पाणी जरा तापलं की वाफेचं पाणी होत नाही, ती तशीच हवेत जाते, आणि तिच्याबरोबर वासही.

आमच्या घराचा याबाबतीत एक नियम आहे. पाळीच्या दिवसांत बाईने कत्तारला हात लावायचा नाही. फुलांचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. फुलं कुणासाठी थांबत नाहीत. तेव्हा मध्येच उठून जावं लागणारी बाई कत्तारवर बसवून चालत नाही. म्हणून या घरात कत्तार नेहमी त्या बाईकडे जातं, जिची पाळी कायमची गेली आहे. लल्ला बेयांकडे ते त्यांच्या सासूकडून आलं. त्या दिवशी सासूने फुलांचं ताजं पाणी त्यांच्या डोक्यावर शिंपडलं होतं आणि साऱ्या गल्लीत तुपातल्या शेवयांच्या ताटल्या पाठवल्या होत्या. ताटली पोचली की गल्लीला कळे, अमक्या घरात कत्तारला नवी बाई मिळाली. कशामुळे मिळाली, तेही अर्थात कळे.

नेमकं हेच मला नको होतं.

मी इथल्या सरकारी शाळेत मोठ्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. ऊर्ध्वपातनाचा धडा मी किती वर्षं शिकवते आहे. उकळणं, वाफ होणं, गार पृष्ठभागावर तिचं पुन्हा पाणी होणं. त्या धड्याला मी घरातल्या कत्तारचंच उदाहरण देते. पण त्या कत्तारवर बसण्याची पात्रता माझ्यात आली, ही गोष्ट मात्र मी घरात कुणालाही सांगितली नव्हती. सांगायची वेळ आली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि फळ्यापाशी उभी राहून घामाने भिजत होते.

ते असं येई. आधी छातीत, हाडाच्या मागे, काहीतरी पेटल्यासारखं होई. मग ती झळ मानेवर चढे, कानांत, गालांत. ब्लाउज पाठीला चिकटे. दोन-चार मिनिटांत सगळं ओसरे आणि मग थंडी वाजे. रात्री तेच. चादर भिरकावायची, खिडकी उघडायची, पुन्हा चादर ओढायची. सकाळी वर्गात मला साधं समीकरण लिहिताना खडू हातात धरून थांबावं लागे, कारण पुढचा शब्द आठवत नसे. एकदा एका मुलीने पहिल्या बाकावरून विचारलं, "मिस, बरं वाटत नाही का?" मी म्हणाले, वर्गात उकडतंय. बाहेर पाऊस पडत होता.

घरात माझी नणंद सुआद आहे. घटस्फोटानंतर ती वरच्या मजल्यावर राहते आणि खालच्या स्वयंपाकघरात जगते. वयाने माझ्याएवढीच. मनाने वाईट नाही, पण तिची जीभ आणि तिचं मन यांची गाठभेट उशिरा होते. कुणाही बाईची पाळी गेल्याचं तिला कळलं की ती हात झटकून म्हणे, "चला, तिच्या दुकानाचं शटर पडलं." तिच्या बोलण्यावर लग्नघरात, हम्माममध्ये बायका पोट धरून हसत. मीही हसले आहे. त्यामुळे माझं शटर पडल्याचं तिच्या तोंडून गल्लीभर ऐकायची मला हौस नव्हती.

मग रमजान आला आणि मी एक वेगळाच उद्योग सुरू केला.

रमजानमध्ये घरातल्या बायकांचं काही लपत नाही. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो; त्या दिवशी बाई दुपारी स्वयंपाकघरात दार लोटून घेऊन चार घास खाते. पुरुष बघितलं न बघितल्यासारखं करतात, बायका मनात दिवस मोजतात. जी बाई रमजानभर एकदाही स्वयंपाकघरात दार लोटून बसत नाही, तिच्याबद्दल दोनच शक्यता असतात, आणि मला मूल होणार नव्हतं. म्हणून सुआदचे दिवस आले की मीही हळूच म्हणे, "मलाही सुट्टी." ती खूश. जोडीने खायला कुणीतरी मिळालं. ती मला ऑलिव्ह, तव्यावर गरम केलेली भाकर, आदल्या रात्रीचं तळलेलं ब्रीक असं वाढून देई आणि मी ताटली घेऊन माझ्या खोलीत जाई. पेपर तपासायचे आहेत, असं सांगून.

खोलीत मी ते खात नसे. कारण नसताना रोजा मोडणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी ताटली खिडकीबाहेर धरत असे. तिथे बाशा बसलेला असे. बाशा हा आमच्या गल्लीतला पिवळा बोका. लोक रोजा नसताना असल्याचं दाखवतात. मी असताना नसल्याचं दाखवत होते. त्या वर्षी रमजान संपला तेव्हा बाशाला भिंतीवर उडी मारताना दोनदा विचार करावा लागत होता.

ईदनंतर, उन्हाळ्याच्या तोंडावर, मी शेवटी डॉक्टरांकडे गेले. नाब्यूलच्या दवाखान्यात कपाळावर नाव लिहून बसल्यासारखं होतं, म्हणून शेअर टॅक्सीने ट्यूनिसला गेले. डॉक्टर रकिया माझ्या मैत्रिणीची मामेबहीण. बारीक चणीच्या, केस पूर्ण पांढरे, आणि बोलताना समोरच्याचं वाक्य संपू देणाऱ्या. मी तयारीने गेले होते. माझ्या संप्रेरकांची तपासणी करायला हवी, कुठली आणि कधी, हे मी त्यांना सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, या वयात, पाळी बंद होऊन वर्ष होऊन गेल्यावर त्या तपासणीची गरज नसते. रक्तातला आकडा रोज बदलतो. तुमची वर्षभराची हकीकत बदलत नाही.

मग त्यांनीच प्रश्न विचारले. सिगारेट? नाही. रक्तदाब? तो त्यांनी मोजला, ठीक होता. छातीत कधी गाठ? आई, मावश्या, बहिणी? मावशीच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी पेन थांबवून दोनदा विचारलं, कधी, कशामुळे. स्तनांचा एक्स-रे काढून आणायला सांगितला. तो आल्यावरच पुढचं बोलणं झालं.

मला कळावं म्हणून त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर वर्गात कधीच सांगितलं नाही, पण रोज आठवतं. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारा एक भाग असतो. एरवी तो थोडीफार ऊब-गारवा चालवून घेतो. इस्ट्रोजेन कमी झालं की त्याची सहनशक्ती आक्रसते. ऊब केसभर वाढली तरी त्याला वाटतं, घरात आग लागली. मग तो सगळे नळ एकदम सोडतो. त्वचेकडे रक्त, अंगभर घाम. आग कुठेच नसते. पण घाबरलेला पहारेकरी खोटं बोलत नसतो, असं त्या म्हणाल्या, त्याला नुसतं शांत करायचं असतं.

गुठळीचा इतिहास घराण्यात असल्यामुळे त्यांनी गोळीऐवजी कातडीवर चिकटवायची पट्टी निवडली, कमीत कमी ताकदीची. गर्भाशय जागेवर होतं म्हणून त्याच्या अस्तराच्या रक्षणासाठी प्रोजेस्टेरॉनची एक कॅप्सूल, रात्री झोपताना. छातीत गाठ लागली, पायाला सूज आली, किंवा मध्येच रक्त गेलं तर त्याच दिवशी फोन. तीन महिन्यांनी पुन्हा यायचं, आणि पुढेही दर वर्षी बसून ठरवायचं, चालू ठेवायचं की नाही. सुआद मला सेजचा काढा पाजत असे, त्याबद्दल मी विचारलं. म्हणाल्या, चहा म्हणून आवडत असेल तर प्या. उपाय म्हणून त्याच्यावर विसंबू नका. बाकीचं मग माझ्याकडे सोपवलं. हाडांसाठी रोज भरभर चालणं आणि आठवड्यातून काही वेळा वजन उचलणं. दही, सार्डिन, तीळ. दुपारनंतर कॉफी बंद. रात्रीच्या जेवणात हरिसाची लाल चटणी कमी, कारण तिखट लागलं की पहारेकरी जागा होतो. अंगावर एक जाड कपडा घालण्याऐवजी दोन पातळ, एक काढता यावा म्हणून.

आमच्या भाषेत या वयाला निराशेचं वय म्हणतात. त्यांनी तो शब्द एकदाही वापरला नाही. उठताना मात्र एकच विचारलं.

"घरी कुणाला माहीत आहे?"

"नवऱ्याला सांगेन."

"आणि बाकीच्यांना?"

मी पर्स बंद केली. त्या म्हणाल्या, "बघा. पट्टी कातडीखालचं काम करते. त्यावरचं तुमचं तुम्हालाच करायला लागेल."

नवऱ्याला सांगितलं. शेदलीचा मातीच्या भांड्यांचा कारखाना आहे. आयुष्य भट्टीसमोर गेलेला माणूस. त्याने पट्टीकडे पाहिलं, ती कशी चिकटते ते पाहिलं, आणि म्हणाला, हिवाळ्यात तू खिडकी उघडायचीस तेव्हा मला वाटायचं, माझ्या घोरण्यामुळे. मग त्याने विचारलं, आईला सांगायचं का? मी नको म्हणाले. त्याने पुन्हा विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी माझ्याबरोबर समुद्रावर चालायला यायला लागला. वाळूत पाय रुततात, त्यामुळे तिथे चालणं म्हणजे दुप्पट चालणं. वजनासाठी मी पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलू लागले; नंतर कारखान्यातली ओल्या मातीची पोती.

झळा एका रात्रीत गेल्या नाहीत. दुसऱ्या महिन्यात मला पहिली सलग झोप लागली आणि सकाळी उठून मी बावरले, कारण चादर जागेवर होती. तिसऱ्या महिन्यानंतर दिवसाला एखादी झळ येई, कधी तीही नाही. फळ्यावर शब्द परत आले. मी त्या वर्षी मोठ्या मुलांची प्रयोगशाळा मागून घेतली, जी मी आदल्या वर्षी, उकडतं म्हणून, सोडून दिली होती. माझ्या अंगावर माझा पुन्हा ताबा आला होता, आणि तो मी पायरीपायरीने, शिकून मिळवला होता. याचा मला अभिमान वाटत होता. पण तो अभिमान मी चोरीच्या मालासारखा जवळ बाळगत होते.

त्या हिवाळ्यात लल्ला बेयांची मनगटं गेली. संधिवात. पाण्याची तांब्याची बादली त्यांना दोन्ही हातांनी उचलावी लागे. आदल्या हंगामात त्यांच्या हातून एक घाणा करपला होता, आणि त्यांनी तो मुकाट्याने नारिंगाच्या बुंध्याशी ओतला होता. यंदा फुलं लागायच्या आधीच त्यांनी जेवताना सांगून टाकलं, की हा त्यांचा शेवटचा हंगाम. सुआदचे दिवस अजून चालू आहेत, दोर्राचेही, म्हणजे माझेही, आहेत, शेदलीला मुलगी नाही. तेव्हा कत्तार देऊन टाकायचं. शेजारच्या हम्मामेत गावच्या एका हॉटेलवाल्याला ते दिवाणखान्यात शोभेला मांडायचं होतं. त्याचा माणूस रमजानमध्येच येऊन बघून जाणार होता.

दोर्राचेही आहेत, असं म्हणताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. भाकरीचा तुकडा मोडत होत्या. शेदलीने माझ्याकडे पाहिलं. मी पाणी ओतत राहिले.

मी बोलले नाही याला कारणं होती, निदान मला ती कारणं वाटत होती. शटर होतं. ताटल्या होत्या. आणि एक खरं भयही होतं: विस्तवाशेजारी तासन् तास बसणं. पहारेकरी शांत झाला होता, पण विस्तवासमोर तो कसा वागेल हे मला माहीत नव्हतं. कत्तार घ्यायचं आणि अर्ध्या हंगामात सोडायचं, यापेक्षा ते हॉटेलात गेलेलं बरं, असं मी स्वतःला समजावत होते. शेदलीला एकदा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की तू भट्टीपुढे बसतोस कसा. त्यालाही ते सहज वाटलं नसावं. तो म्हणाला, "तोंडाला आग असली तर पाठीला वारा हवा. आणि उठायची लाज वाटू द्यायची नाही."

रमजान आला तो फुलांबरोबरच. दुपारी अंगणात चादरींवर फुलांचे पांढरे थर पडलेले आणि सगळे उपाशी. पट्टीमुळे रोजा मोडत नाही, हे मी मशिदीतल्या शेखांना फोनवर नाव न सांगता विचारून घेतलं होतं. कॅप्सूल रात्री, पहाटेच्या सहरीच्या आधी. सगळं नीट बसलं होतं. आणि तरीही सुआदचे दिवस आले तेव्हा मी म्हणाले, "मलाही सुट्टी." जीभ सवयीने चालली.

तो रविवार होता. शेदली कारखान्यात. हॉटेलचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. अंगणात शेजारच्या मन्नूबिया आणि तिची सून फुलं निवडत बसल्या होत्या. मन्नूबिया म्हणजे गल्लीची बातमी. कत्तार सकाळपासून पेटलेलं, दुपारचा घाणा चढलेला, लल्ला बेया स्टुलावर. मी आणि सुआद स्वयंपाकघरात. तिने मला ताटली वाढली, त्यावर अंडं फोडून घातलं आणि म्हणाली, "खा बाई. तुझा चेहरा बघ, रोज्यातल्या बाईसारखा उतरलाय."

मी ताटली घेऊन खोलीकडे निघाले तेव्हा अंगणातून "पाणी" असं ऐकू आलं. मग तांब्याचा आवाज. बादली फरशीवरून गडगडत माझ्या पायापर्यंत आली.

लल्ला बेया उभ्या होत्या, उजवं मनगट डाव्या हातात धरून. गार पाणी सगळं फरशीवर. माथ्यावरच्या पाण्यातून वाफ निघायला लागली होती आणि कणकेच्या पट्टीखालून बारीक सुस्कारा ऐकू येत होता. नळीच्या तोंडाशी थेंब राहिलाच नव्हता. एक पातळ, गरम धार लागली होती आणि तिच्यावर वाफ. मला माहीत होतं, त्या वाफेत काय जातंय ते. सबंध हंड्याचा जीव जात होता.

मन्नूबिया हातातलं फूल तसंच धरून बघत राहिली. दुसऱ्याच्या घरच्या कत्तारला इथे कुणी हात लावत नाही, कितीही शेजार असला तरी. सुआद दारात आली आणि उंबऱ्यावरच थांबली, कारण तिला थांबायलाच हवं होतं. मीही तिच्या शेजारी थांबले. मला थांबण्याचं कारण नव्हतं. माझ्या हातात फक्त एक ताटली होती.

लल्ला बेयांनी माझ्या पायाशी येऊन दुसऱ्यांदा बादलीकडे हात नेला आणि बोटं मिटली नाहीत.

मी ताटली खाली ठेवली. बाशा कुठून तरी आलाच. बादली उचलली, नळाखाली धरली, भरली, उचलली. ओल्या मातीच्या पोत्यापेक्षा ती हलकी होती. आधी हंड्याखालची लाकडं ओढून आच कमी केली, मग तापलेलं पाणी काढलं आणि गार पाणी माथ्यावर कडेकडेने सोडलं, एकदम नाही, एकदम सोडलं तर माती तडकते. कणकेची पट्टी दाबली. मागे सुआद म्हणत होती, "अगं दोर्रा, दोर्रा, तुला आज चालत नाही. तू विसरलीस का? अम्मा, तिला सांग ना."

तेवढ्यात छातीत ते आलं. हाडाच्या मागे, ओळखीचं. मान, कान, गाल. विस्तव समोर होता आणि पहारेकरी ओरडत उठला होता. मी एक पाऊल बाजूला सरकले, गल्लीच्या दाराकडून येणारा समुद्राचा वारा पाठीवर घेतला, वरचा कपडा काढून खांबावर टाकला आणि हळू श्वास घेत नळीकडे बघत राहिले. झळ वर चढली, कपाळाशी घाम होऊन थांबली, आणि उतरू लागली. तिने मला बसवलं नाही, पळवलं नाही. धार थोडा वेळ धारच राहिली, मग ती तुटली, मग तिचे घाईघाईचे थेंब झाले. मग एक थेंब नळीच्या तोंडाशी टेकला आणि लगेच पडला नाही.

लल्ला बेया ऐकत होत्या. ठेका जमल्यावर त्या स्टुलावर बसल्या.

"अम्मा," सुआद म्हणाली, "तो घाणा आता टाकायला लागेल. हिला सुट्टी आहे."

"हिला सुट्टी नाही."

"अगं, मी स्वतः हिला आत्ता अंडं वाढलं."

"बोक्याला वाढलंस." लल्ला बेयांनी मनगट मांडीवर ठेवलं. "मगरिबच्या बांगेला, रोजा सोडताना, जी बाई असा ग्लास उचलते, ती दुपारी जेवलेली नसते. माझे डोळे गेलेत, कान नाही. गेल्या रमजानपासून ऐकते आहे मी हिचं पाणी पिणं."

मन्नूबियाने फूल खाली ठेवलं. सुआदने बाशाकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं, आणि तिचा हिशेब पुरा झाला.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "हिच्या दुकानाचं शटर..."

"तुझ्या दुकानात एवढा काय माल भरलाय, सुआद?" लल्ला बेया म्हणाल्या.

मन्नूबियाची सून फिसकन हसली आणि ओढणीआड तोंड लपवून पुन्हा फुलं निवडू लागली. सुआदही हसली, जरा उशिरा. मग तिचं मन तिच्या जिभेपर्यंत पोचलं असावं, कारण ती उंबऱ्यावरच खाली बसली आणि मला म्हणाली, एवढं एकटीने कशाला गं सहन केलंस. मला वाटलं, तू माझा काढा पितेस म्हणून बरी आहेस.

मी लल्ला बेयांना विचारलं, माहीत होतं तर बोलला का नाहीत. कत्तार जात होतं तरीही.

"मला माझ्या सासूने विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "जिचं तिने सांगायचं असतं. सांगितलं नाही तर दिलेलं कत्तार ओझं होतं. ओझंच द्यायचं तर हॉटेलवाला काय वाईट." मग थेंबाकडे कान देऊन: "आत्ता तुला झळ आली होती."

"आली होती. गेली."

"काय केलंस?"

मी सांगितलं. डॉक्टर, पट्टी, रात्रीची कॅप्सूल, वाळूवरचं चालणं, सोडलेली कॉफी, मातीची पोती. पाठीला वारा. सांगताना माझा आवाज वर्गात असतो तसा होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मन्नूबियाने मध्येच विचारलं, ती डॉक्टर नाब्यूलला येते का, की ट्यूनिसलाच जावं लागतं. तिची सून तिच्याकडे वळून बघायला लागली. सासूच्या तोंडून रात्रीच्या जागरणांबद्दल तिने आजवर फक्त तक्रारीच ऐकल्या होत्या, उपायाची चौकशी नाही. सुआदने विचारलं, पट्टी दुखते का. मी म्हणाले, नाही, पण ती सगळ्यांना चालतेच असं नाही, आधी तपासून घ्यावं लागतं. तिने मान हलवली. तिचीही वेळ फार लांब नव्हती, आणि हे बहुधा तिला त्या उंबऱ्यावर पहिल्यांदाच सुचत होतं.

"आणि विस्तवासमोर रोज बसावं लागेल," लल्ला बेया म्हणाल्या. "फुलं संपेपर्यंत. एक आली आणि गेली, तसं रोज चालायचं नाही. पुढच्या वर्षीही. त्याच्या पुढेही."

"बसेन. वाटलं तर उठेन, पुन्हा बसेन. ते स्टूल मात्र दाराच्या बाजूला घ्यावं लागेल."

त्या उठल्या. मला वाटलं, रागावल्या. त्यांचं स्टूल तिथेच होतं, त्यांच्या सासूच्या काळापासून. त्यांनी ते दुखऱ्या हाताने धरायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तर पायाने ढकललं. फरशीवर घासत ते दाराच्या बाजूला गेलं, जिथे वारा होता. मग त्यांनी बाटलीतलं ताजं पाणी तळव्यावर घेतलं आणि तसाच तळवा धरून उभ्या राहिल्या, माझ्या डोक्याच्या उंचीवर. पाणी त्यांच्या बोटांतून गळत होतं. त्या शिंपडत नव्हत्या. वाट बघत होत्या.

मन्नूबिया बघत होती. गल्लीचं दार उघडं होतं. मी तिकडे पाठ केली नाही.

"लल्ला," मी म्हणाले, मन्नूबियालाच काय, पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "मला पाळी येऊन दोन वर्षं होत आली. उद्या त्या हॉटेलच्या माणसाला येऊ नको म्हणून कळवा. या घरच्या कत्तारवर आता मी बसणार."